सति सप्तमीच्या वाटेने लॅटिन: विद्यापरिषदांच्या सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यापीठांच्या विद्यापरिषदांचे व भाषा अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पदवीच्या विद्यार्थ्यांना लॅटिन भाषा आणि वाङ्मय हा खुला ऐच्छिक विषय म्हणून घेता यावा, आणि तो संस्कृत विभागांच्या आश्रयाने, मराठीतून शिकवला जावा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान आहे. तिची कारणे सांगायला मात्र थोडी जागा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी गेली एकोणीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवते. लॅटिन शिकले ती हौसेने नव्हे, सक्तीने. एम. ए. झाल्यावर पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठात गेले, तेव्हा तिथल्या नियमांप्रमाणे ‘लॅटिनुम’ नावाची परीक्षा द्यावी लागेल असे सांगण्यात आले. रोमन वक्ता सिसेरो याचा एक उतारा शब्दकोश हाताशी घेऊन तीन तासांत जर्मनमध्ये उतरवायचा आणि मग तोंडी परीक्षेला बसायचे, असे तिचे स्वरूप होते. माझे जर्मनच तेव्हा अडखळत चालले होते. त्या अडखळत्या भाषेतून तिसरी भाषा शिकायची, या कल्पनेने पहिले दोन आठवडे झोप नीट लागली नाही.

चौथ्या आठवड्यात शिक्षकांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले: ‘उर्बे कप्ता’. ‘उर्ब्स’ म्हणजे नगर, ‘कप्ता’ म्हणजे घेतलेली; दोन्ही शब्द एकाच विभक्तीत, एकाच लिंगात आणि एकाच वचनात, आणि वाक्याच्या उरलेल्या भागाशी त्यांचा व्याकरणाने कसलाच संबंध नाही. वर्गातल्या जर्मन मुलांना हे काही केल्या पचेना. शिक्षकांनी ‘नगर जिंकल्यावर’, ‘नगर जिंकले गेल्यामुळे’, ‘नगर जिंकले गेले असूनही’ अशी तीन-तीन भाषांतरे दिली, तरी ‘मग नेमका अर्थ कोणता?’ हा प्रश्न फिरून फिरून येतच राहिला. मी मात्र वहीत फक्त ‘सति सप्तमी’ असे लिहिले आणि पेन खाली ठेवले; ‘एक गोष्ट झाली असता दुसरी घडली’ हे सप्तमी विभक्तीने सांगणारी ती संस्कृतातली रचना. ‘गोषु दुह्यमानासु गतः’ (गाईंचे दूध काढले जात असताना तो गेला) हे उदाहरण ज्याने एकदा घोकले आहे, त्याला ‘उर्बे कप्ता’ म्हणजे ‘नगर्यां गृहीतायाम्’ हे निराळे सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी यांचा संसार एकाच विभक्तीत मांडला गेला, आणि म्हणून आपण जिथे सप्तमी वापरतो तिथे ती भाषा ही संयुक्त विभक्ती वापरते. त्या दिवसापासून माझा वर्गातला दर्जा बदलला, आणि जी मुले मला जर्मन वाक्यरचना समजावून देत असत, ती लॅटिन विचारायला माझ्याकडे येऊ लागली.

हा प्रसंग स्वतःची फुशारकी म्हणून सांगत नाही. सांगायचे ते असे, की संस्कृत घेऊन पदवीला आलेला आपला विद्यार्थी लॅटिनच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो अर्धे अंतर चालून आलेला असतो, आणि ही गोष्ट आपण त्याला कधी सांगतच नाही. ‘असणे’ या धातूची वर्तमानकाळाची रूपे ‘सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्’ अशी एका बाजूला आणि ‘अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति’ अशी दुसऱ्या बाजूला लिहिली, की वर्गात आपोआप शांतता पसरते. सीझरचे ‘वेनी, वीदी, वीकी’ तर ज्यांनी लॅटिनचे पानही उघडलेले नाही त्यांनाही ठाऊक असते. त्यातले ‘वीकी’ म्हणजे ‘मी जिंकलो’. पण ‘मी जिंकतो’ म्हणायचे तर ‘विन्को’ म्हणावे लागते. वर्तमानकाळात मधेच शिरणारा आणि भूतकाळात निघून जाणारा हा ‘न’ आमच्या विद्यार्थ्यांनी संस्कृत धातूंच्या रुधादि गणात, म्हणजे गटात, पाहिलेला असतो: रुणद्धि (अडवतो), पण रुरोध (अडवले). इंग्रजीतून लॅटिन शिकवणाऱ्या पुस्तकांत अशा रूपांच्या फक्त याद्या पाठ करायला दिलेल्या असतात, कारण त्या पुस्तकांच्या वाचकाकडे गण ही कल्पनाच नसते.

व्याकरणापेक्षाही मला जास्त महत्त्वाचे वाटते ते छंदाचे नाते. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या महाकाव्याची पहिली ओळ अशी आहे: ‘अर्म विरुम्क्वे कनो, ट्रोयाय क्वी प्रीमुस अब ओरीस’. शस्त्रे आणि तो वीर यांचे मी गान करतो, जो ट्रॉयच्या किनाऱ्यावरून पहिल्याने आला, असा तिचा साधारण अर्थ. यातला ‘विरुम्क्वे’ हा शब्द क्षणभर निरखून पाहावा. ‘विरुम्’ म्हणजे ‘वीरम्’, आणि शब्दाच्या पाठीला चिकटून येणारे ‘क्वे’ म्हणजे आपले ‘च’, नुसते अर्थाने नव्हे तर कुळानेही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधल्या महाकाव्याचा दुसरा शब्द ‘वीरं च’ असा असावा, हे मुलांना फळ्यावर दाखवताना मला आजही बरे वाटते.

आता ही ओळ मात्रांनी मोजू. ‘क्वे’मधला ए ऱ्हस्व आहे एवढे ध्यानात ठेवले, की बाकीचे नियम ओळखीचेच आहेत: दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्वही गुरू, आणि शब्दाचे शेवटचे व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन मिळते. म्हणजे अर्-म-वि, रुम्-क्वे-क, नो-ट्रो, याय्-क्वी, प्री-मु-स, बो-रीस. सहा गण, प्रत्येक गण चार मात्रांचा. त्यात एक तर ‘गुरू लघू लघू’ असा भगण, नाही तर दोन गुरू. पाचव्या गणात बहुधा भगणच येतो आणि सहाव्यात दोनच अक्षरे. चार मात्रांच्या गणांवर चालणारे वृत्त म्हटले की मराठी वाचकाला दुसरे कोण आठवणार? मोरोपंतांची आर्या. आर्येत चार मात्रा पाच प्रकारांनी भरता येतात, रोमन कवीला दोनच प्रकारांची मुभा आहे, आणि त्या दोनांतून त्याने युद्धाची धावपळ आणि समुद्राची गाज कशी काढली, हे ऐकायला आर्येवर वाढलेला कान लागतो. इंग्रजी छंद आघातांवर चालतो, त्यामुळे इंग्रजी भाषकाला ही मात्रांची चाल कष्टाने शिकावी लागते. आपल्या मुलांना ती ‘यमाताराजभानसलगा’ म्हणता म्हणता आलेली असते.

आर्येचाच धागा पुढे नेला तर अभ्यासक्रमाची एक कल्पना सुचते. सातवाहन हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, आणि तिची गाथा म्हणजे आर्येचेच प्राकृत रूप. ज्या शतकांत आपल्याकडे ही दोन-दोन ओळींची प्रेमकविता रुजत होती, त्याच्या आगेमागे रोममध्ये कॅटलस, प्रॉपर्शियस आणि ओव्हिड प्रेमावर द्विपद्या लिहीत होते. कॅटलसची एक कविता अवघ्या दोन ओळींची आहे: मी द्वेष करतो आणि प्रेमही करतो, असे का म्हणून कदाचित विचारशील, ठाऊक नाही, पण तसे होते आहे हे जाणवते आणि मी पिळवटून निघतो. अशा द्विपदीशेजारी हालाची एखादी गाथा ठेवून दोन्ही मुळातून वाचायला लावणारी प्रश्नपत्रिका जगातल्या फारच थोड्या विद्यापीठांना काढता येईल, आणि पैठण ज्या राज्यात आहे तिथल्या विद्यापीठाला ती सर्वांत शोभेल. त्या काळी दोन्ही समाजांत व्यापारही चालू होता. भारत आपल्या साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार लॅटिनमध्ये नोंदलेली आहे, आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती त्या तक्रारीची दुसरी बाजू दाखवते.

आपल्याविषयीचा जो मजकूर लॅटिनमध्ये पडून आहे, त्याचा उल्लेख थोडक्यात करते. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ज्यांची ओवी दर २७ फेब्रुवारीला फलकांवर झळकते, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले आणि इथल्या भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी असल्याचे नोंदवले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे सांगणाऱ्या विल्यम जोन्स यांच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. ‘होर्तुस मलबारिकुस’ हा वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे, पण आतला सारा मजकूर लॅटिन, आणि तो संपूर्ण इंग्रजीत यायला २००३ साल उजाडावे लागले. दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून फ्रेंच विद्वान आँकेतील दुपेरोँने १८०१-०२ मध्ये उपनिषदे लॅटिनमध्ये नेली. जर्मन विद्वान ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलने १८२३ मध्ये बॉनमधून भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली, आणि ‘योग’ या एका शब्दासाठी ठिकठिकाणी वेगवेगळे लॅटिन शब्द वापरल्याबद्दल टीकाही ओढवून घेतली. ती टीका योग्य होती की नाही, हे ठरवण्याचा पहिला अधिकार खरे तर पुण्या-नाशिकच्या गीता जाणणाऱ्या विद्यार्थ्याचा. पण तो वादाच्या एकाच बाजूची भाषा शिकलेला असतो.

पुण्यातल्या मंडळींना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असायलाच हवा. तिचे संपादक वि. सी. सुकथनकर बर्लिनमध्ये शिकले होते, आणि हस्तलिखितांची वंशावळ लावून पाठ ठरवण्याची जी पद्धत जर्मन विद्वानांनी घडवली, ती त्यांनी ग्रीक व लॅटिन पोथ्यांवर हात घासून घडवली होती. जर्मन विद्वान लाखमानने काढलेली रोमन कवी ल्युक्रेशियसच्या काव्याची १८५० ची आवृत्ती हा त्यातला गाजलेला टप्पा. सुकथनकरांनी ती पद्धत आंधळेपणाने उचलली नाही. महाभारताच्या पोथ्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत, की ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्यांनीच १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत दाखवून दिले. एखादे हत्यार कुठे बोथट पडते हे सांगायला ते हत्यार आधी हातात धरलेले असावे लागते. आज पाठचिकित्सा शिकणाऱ्या आमच्या मुलांना ते फक्त वर्णनातून माहीत असते.

लॅटिनच्या बाजूने नेहमी दिली जाणारी दोन कारणे मी मुद्दाम मागे ठेवली आहेत. वकिलांना ‘हेबियस कॉर्पस’ आणि ‘मँडॅमस’ म्हणता यावे म्हणून, किंवा डॉक्टरांना हाडांची नावे कळावीत म्हणून भाषा शिकावी, हे मला पटत नाही; तेवढ्यासाठी दहा पानांची शब्दसूची पुरे. तरी गांधीजींचे उदाहरण सांगते. लंडनच्या मॅट्रिकला ते पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास झाले, पुन्हा बसून पास झाले, आणि पुढे बॅरिस्टरीसाठी रोमन कायदा त्यांनी मुळातून लॅटिनमध्ये वाचला. दक्षिण आफ्रिकेत त्याचा उपयोग झाल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. वनस्पतिशास्त्राची गोष्ट थोडी निराळी आहे. १९३५ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत नव्या वनस्पतीचे नाव वैध ठरायला तिचे लॅटिन वर्णन आवश्यक होते, त्यामुळे सह्याद्रीतल्या कितीतरी फुलांची पहिली ओळख लॅटिनमध्येच छापलेली आहे. पिंपळाचे नाव ‘फायकस रिलिजिओसा’ का, ‘रिलिजिओसस’ का नाही, असे मला एकदा वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी शिक्षक-कक्षात विचारले होते. लॅटिनमध्ये झाडांची नावे, शेवट पुल्लिंगी दिसला तरी, बहुधा स्त्रीलिंगी चालतात, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी. ‘टॅमरिंडस इंडिका’ही त्यातलेच, असे सांगितल्यावर ते चहा तसाच ठेवून वर्गात गेले आणि मुलांना ते सांगून मगच परत आले.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मोडी वाचणारी माणसे आपल्याला पुरत नाहीत, फारसी जाणणारी बोटांवर मोजण्याइतकी उरली, अर्धमागधीचे वर्ग ओस पडत चालले, मग लॅटिनचे लाड कशाला? मी या आक्षेपाशी सहमत आहे. एकच शिक्षक नेमण्याइतका पैसा असेल तर तो मोडीचा किंवा फारसीचा नेमावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मी नवे पद मागतच नाही. लॅटिन येणारे संस्कृतचे, इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे अध्यापक आपल्यात विखुरलेले आहेत. गोव्यात रायतूरच्या सेमिनरीसारख्या (पाद्र्यांच्या विद्यालयासारख्या) ठिकाणी तर ही भाषा शतकानुशतके शिकवली गेली. या अध्यापकांना आठवड्याचे चार तास अधिकृतपणे देता येतील की नाही, एवढाच प्रश्न आहे.

लॅटिन ही साहेबाची भाषा, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालत नाही. साहेबाच्या घरची ती नव्हती. त्यानेही ती मार खाऊनच शिकली होती.

आणखी एक आक्षेप माझा मलाच पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधावे लागेल. लॅटिन संस्कृताच्या वाटेने शिकवायची म्हटले, की ज्याला संस्कृत मिळाले नाही तो बाहेर राहतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये डॉ. आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही आणि त्यांना फारसीकडे वळावे लागले, हे ज्या राज्यात घडले तिथे एका अभिजात भाषेला दुसरीच्या दाराचा पहारेकरी करणे मला मान्य नाही. म्हणून संस्कृत ही प्रवेशाची अट नसावी. सातवीत ‘स, ला, ते’ म्हणत विभक्ती शिकलेल्या कोणत्याही मुलाला मराठीच्या आधारे लॅटिन शिकवता येते. ‘घरी’, ‘दारी’ ही सप्तमी त्याच्या तोंडात असते आणि लॅटिनमध्ये ‘डोमी’ म्हणजे ‘घरी’ हे तशाच जुन्या सप्तमीचे उरलेले रूप आहे. संस्कृतवाल्यांचा वेग अधिक राहील, इतकेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशी भाषांची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत; अभिजात भाषांत संस्कृत, पाली, प्राकृत, फारसी यांसारख्या भाषा आहेत. लॅटिन दोन्हीकडे नाही. तिला ना बाजार ना वारसा, असे कोणी ठरवले असेल असे मला वाटत नाही; ती केवळ कोणाच्या लक्षात आली नाही. पण त्याच धोरणाने खुल्या ऐच्छिक विषयांची आणि श्रेयांक एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची सोय केली आहे. मुंबई, पुणे आणि गोवा इथे प्रत्येकी एकच केंद्र ठेवून आजूबाजूच्या महाविद्यालयांतल्या मुलांना तिथे येऊ द्यावे. दोन सत्रे, प्रत्येकी चार श्रेयांक. पहिल्या सत्रात व्याकरण आणि सोपे गद्य, दुसऱ्यात सीझरचा एखादा भाग, ओव्हिडच्या दोन कथा आणि गाथांसोबत कॅटलस. शिकवणे आणि परीक्षा मराठीतून, गोव्यात कोकणीतूनही. भाषांतर इंग्रजीतच करायला लावले, तर आपण नकळत इंग्रजीचीच परीक्षा घेत राहू.

पाच वर्षांपूर्वी मी असा प्रस्ताव रीतसर पाठवला होता. कुठे, ते सांगण्यात अर्थ नाही. अकरा महिन्यांनी तो ‘विद्यार्थ्यांच्या मागणीचा पुरावा जोडून फेरसादर करावा’ असा शेरा मारून परत आला. जो विषय यादीतच नाही त्याची मागणी विद्यार्थी कोणत्या रकान्यात नोंदवणार, हे विचारायला मी त्या कार्यालयात गेले, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे मला बसायला खुर्ची दिली आणि ‘मॅडम, तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण रकाना नाही’ असे सांगितले. वीस विद्यार्थ्यांची किमान अट अशा विषयाला पहिली तीन वर्षे तरी लावू नये, ही विनंती त्या अनुभवातून आली आहे.

पुरावा म्हणून माझ्याकडे सध्या सात जण आहेत. ते रविवारी सकाळी माझ्या घरी येतात: संस्कृतच्या चौघी, विधी महाविद्यालयातला एक, संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी, जिला संस्कृत अजिबात येत नाही आणि जी रूपे सर्वांच्या आधी पाठ करते, आणि मूळचा वसईचा एक मुलगा. त्याचे आजोबा लहानपणी पाठ केलेली ‘पातेर नोस्तेर’ ही प्रार्थना अजूनही म्हणतात, पण तिचा शब्दशः अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्यांच्या तरुणपणीच चर्चमधली उपासना मराठीत आली आणि लॅटिन मागे पडली. सहाव्या आठवड्यात त्या मुलाने प्रार्थनेचा एकेक शब्द सोडवून आजोबांना फोनवर समजावला. ‘नोस्तेर’ म्हणजे ‘आमचा’, आणि तो शब्द ‘पातेर’च्या मागून येतो, हे ऐकून आजोबा म्हणाले, की म्हणजे मराठीत ‘बापा आमच्या’ म्हणायला हवे होते.

या वर्गाला हजेरीपट नाही, श्रेयांक नाहीत आणि सातव्या माणसासाठी खुर्ची शेजारून आणावी लागते. आपल्यापैकी कोणाला येऊन बसायचे असेल, तर जरूर यावे. सध्या आम्ही ‘ईनीड’च्या चौथ्या सर्गात आहोत, त्यातली राणी डायडो अजून जिवंत आहे, आणि दर रविवारी साधारण पंचवीस ओळी होतात.

कळावे,

आपली नम्र,
संस्कृतची एक अध्यापिका, पुणे